डबल रोलर

ताईने स्क्रू ड्रायव्हर दातांत धरला, गुडघ्यांवर बसली आणि डोकं आईच्या कपाटात घातलं. मधल्या फळीच्या खालच्या अंगाला जुना कॅच बसवलेला होता. पोलादाचे दोन रोलर, मागच्या स्प्रिंगने एकमेकांकडे रेटलेले. दाराला लावलेली जीभ त्या दोघांच्या मधे घुसली की दार बंद. पुन्हा उघडायचं तर जिभेला दोघांना बाजूला सारून बाहेर यावं लागे, आणि हे दोघे काही सुखासुखी सरणारे नव्हते. मघाशी दार उघडताना ताईच्याही खांद्याला चांगलाच हिसका बसला होता.

"हत्ती बांधायचा होता का याला?" ती कपाटातूनच म्हणाली.

"तुझ्या बाबांनी आणला होता," पलंगावर बसलेली आई म्हणाली. "मजबूत हवा म्हणाले."

"मजबूत आहेच. दार मोडेल, पण हा सोडायचा नाही."

आई उजवा हात डाव्या हातात घेऊन बोटं एकेक करून उलगडत बसली होती. न्हाणीघरात पाय घसरून पडली तेव्हा तिचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण पकड काही परत आली नाही. पेला धरता येई, कंगवा धरता येई, पण ओढायचं म्हटलं की बोटं हँडलवरून निसटत. डाव्या हाताचं तर विचारूच नका. जन्मभर नुसता बसून खाल्लेला हात, त्याला या वयात काम कोण शिकवणार?

बाहेरच्या खोलीत वहिनीचं शिलाई मशीन चालू होतं. वहिनी पडदे शिवायची, घरांचे, ऑफिसांचे, एकदा तर एका अख्ख्या सभागृहाचे. पडद्याची शिवण लांब, त्यामुळे मशीन एकदा सुरू झालं की बराच वेळ थांबत नसे. ते मधेच थांबायचं फक्त आईच्या हाकेने, आणि ताईचं खरं दुखणं तिथेच होतं.

मनगट मोडल्यापासून आई दिवसातून कितीदा तरी हाक मारायची, "अगं, जरा येतेस का? दार उघडून दे." मशीन थांबायचं. वहिनी गळ्यातली टेप सावरत यायची आणि एका हिसक्यात दार उघडायची. मग लगेच परत जाईल तर शपथ. शाल काढून देता देता दोघींचं काहीतरी सुरू व्हायचं. आधी पुटपुटणं, मग बोलणं, मग हसणं. ताई दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी माहेरी आलेली असायची आणि हे सगळं बाहेर खुर्चीत बसून ऐकायची. खुर्चीत, कारण ती उठायला लागली की आई आतून म्हणायची, "तू बस गं. आठवडाभर उभीच असतेस दुकानात."

"अगं, पण मी इथेच आहे. मी उघडते ना."

"राहू दे. तिला ठाऊक आहे कुठे काय ठेवलंय ते."

पोटच्या पोरीला ठाऊक नाही आणि सुनेला ठाऊक आहे. हातातलं मासिक आपण उलटं धरलंय हे ताईच्या बऱ्याच वेळाने लक्षात यायचं.

नणंदेला भावजयीचा हेवा वाटावा यात नवं काही नाही. पण ताईला वहिनीचं काहीच नको होतं. ना तिचे दागिने, ना तिचं घर, ना दादा. दादा तर लहानपणीही फारसा कोणाला नको असायचा. तिला हवी होती ती हाक. 'अगं, जरा येतेस का' एवढीच.

एकदा तर कहर झाला. चहा पिता पिता कुठल्याशा हरवलेल्या मुलाची गोष्ट निघाली आणि वहिनी सहज म्हणाली, "आई नाही का लहानपणी शाळा बुडवून सर्कस बघायला गेल्या होत्या, आणि मग त्या विदूषकानेच त्यांना घरी आणून सोडलं. तसंच झालं म्हणायचं."

"कोण? आई?" ताईने विचारलं.

"हो ना. तुम्हाला माहीत नाही?"

वहिनीने ते अगदी साध्या मनाने विचारलं, आणि म्हणूनच ते फार लागलं. ताईने बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

"माहितीये की," ती म्हणाली. "विदूषक ना. माहितीये."

घरी जाताना रस्ताभर ती त्या विदूषकावर चिडलेली होती. त्याच आठवड्यात तिने ठरवलं, आईच्या कपाटाचा कॅच बदलायचा.

ताईचं दुकान फर्निचरच्या फिटिंगचं होतं. बिजागऱ्या, हँडल, कड्या, कॅच, खणाच्या सरकपट्ट्या. बाजारात तिच्या माघारी तिला 'बिजागरीताई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दार लागत नाही, लागलेलं उघडत नाही, वाऱ्याने वाजतं, कुठलंही गाऱ्हाणं घेऊन या, ताईकडे त्यावर कुठल्यातरी डबीत काहीतरी असायचं. मात्र औषध देण्याआधी ती उलटतपासणी घ्यायची. हे ठरवलं त्या दिवशीही एक गृहस्थ नव्या स्वयंपाकघरासाठी आले आणि येताक्षणी म्हणाले, "रोलर कॅच द्या. सगळ्यात घट्ट असेल तो."

"दार उघडणार कोण?" ताईने विचारलं.

"म्हणजे?"

"घरात कोण कोण आहे? लहान मूल, म्हातारं माणूस?"

"सगळेच आहेत."

"मग सगळ्यात घट्ट कशाला मागता? घट्ट कॅच म्हणजे दर वेळी हिसका. हिसका बसला की आतल्या बरण्या हलतात, वर्षभरात हँडल निघून हातात येतं. दार मिटून राहील एवढंच त्याने धरावं. त्याहून जास्त धरलं तर ती नुसती मिजास."

गृहस्थांनी निमूटपणे ती देईल ते घेतलं. ते गेल्यावर ताईने आईसाठी कॅचचे डबे काढले. काउंटरच्या कडेला गिऱ्हाइकांना दाखवायला एक छोटं दार बसवलेलं होतं, त्यावर ती एकेक कॅच लावून बघू लागली. मॅग्नेट तिने पहिल्याच फटक्यात बाद केला. मॅग्नेट धरतो तोवर धरतो आणि सुटतो तो एकदम. आई तोल जाऊन मागे पडली असती. बारक्या गोळीचा कॅच आईच्या उंच दाराला पुरला नसता. एकेरी रोलर हलका होता, पण आईचं दार जरासं मुरडलेलं. दमट हवेत ते फुगलं की एकेरी रोलर त्याला धरणारच नाही, आणि मग दार दिवसभर आ वासून उभं. शेवटी पुन्हा डबल रोलरवरच येऊन ती थांबली. पण हे रोलर नायलॉनचे होते, आवाज न करणारे, आणि दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू होता. स्क्रू आवळला की रोलर जवळ येतात, सैल केला की लांब जातात. उघडणाऱ्याच्या हाताला जमेल तसं बेतून घ्यायचं.

ताईने आपल्या उजव्या हाताच्या बोटांना फडकं गुंडाळलं, पकड राहू नये असं घट्ट, आणि त्या थोट्या हाताने दार उघडून बघितलं. स्क्रू सैल केला. पुन्हा उघडलं. आणखी सैल केला. एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं तेही तिला दिसलं नाही.

आता, हे सगळं आईसाठी होतं हे खरंच. म्हाताऱ्या बाईला स्वतःचं कपाट स्वतः उघडता यावं, यात कोण काय खोट काढणार? पण बोटांवरचं फडकं सोडताना ताईच्या मनात आईचा हात नव्हता. तिच्या मनात होतं वहिनीचं मशीन, सकाळपासून संध्याकाळपर्यंत न थांबता चालणारं.

तर असा तो कॅच आता आईच्या कपाटात बसला. ताईने शेवटचा स्क्रू आवळला, दाराची जीभ रोलरच्या बरोबर मधोमध येते की नाही ते वाकून पाहिलं आणि दार लोटलं. ते हलकेच मिटलं.

"ये, उघड."

आई उठली. उजव्या हाताची दोन बोटं तिने भीत भीत हँडलमागे घातली, आणि दार आलं. तिने ते बंद केलं. पुन्हा उघडलं. पुन्हा बंद केलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की ताईला क्षणभर आपल्या मनातलं सगळं विसरायला झालं.

मशीन थांबलं होतं. वहिनी दारात उभी होती, ओठांत टाचण्या धरून. तिने त्या तळहातावर काढल्या.

"छानच झालं हो," ती म्हणाली. "आता माझी गरजच संपली."

"संपली," ताई हसत म्हणाली.

वहिनीही हसली. मग टाचण्या पुन्हा ओठांत धरून ती परत गेली.

पुढच्या सुट्टीला ताई आली तेव्हा सगळं तिच्या मनासारखं झालं होतं. आईने आपली शाल आपण काढली, आपण ठेवली. मशीन एकसारखं चालू राहिलं. ताईने बाहेरची खुर्ची सोडली आणि आत आईच्या पलंगावर येऊन बसली.

"सांग ना काहीतरी," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"काहीही. तुझ्या लहानपणीचं."

"लहानपणीचं काय सांगायचं? तुला माहितीच आहे सगळं."

आपल्याला काही माहीत नाही हे ताईला कबूल करवेना. आईने दुकान कसं चाललंय ते विचारलं. ताईने बरं चाललंय म्हणून सांगितलं. आईने जावयाचा खोकला विचारला. तोही बरा होता. मग दोघी खिडकीबाहेर बघत राहिल्या. मधेच आईने उठून कपाट उघडलं, आत नुसतं पाहिलं आणि मिटलं.

असे दोन-तीन आठवडे गेले. मग एका सुट्टीला ताई चपला काढत होती तोच आतून हाक आली, "अगं, जरा येतेस का?"

मशीन थांबलं. ताई उठेपर्यंत वहिनी पोचलीसुद्धा. दार उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वहिनीचं बोलणं, आईचं हसू. ताई दाराशी जाऊन उभी राहिली.

"काय झालं?"

"घट्ट झालंय पुन्हा," आई तिच्याकडे न बघता म्हणाली.

वहिनी गेल्यावर ताईने कॅच तपासला. दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळलेले होते. नवा कॅच आपोआप घट्ट होत नाही. झालाच तर सैल होतो, दार आपटून आपटून स्क्रू मागे येतात, पुढे जात नाहीत. म्हणजे कोणीतरी ते फिरवले होते. हातच्या काकणाला आरसा कशाला? आईच्या हातात पेला धरण्यापुरतं बळ. दादाला घरात कपाट कुठे आहे हेच धड ठाऊक नाही. उरली ती एकच, आणि तिच्या मशीनच्या खणात बारीक स्क्रू ड्रायव्हर असतातच. ताईला आधी राग आला नाही. आधी तिला हेवाच वाटला, की हे आपल्याला का सुचलं नाही. राग मागाहून आला आणि मग मात्र मावेना.

तिने स्क्रू सैल केले आणि कपाटाला मोठ्याने म्हणाली, "कोण रे आवळतं तुला? पुन्हा कोणी आवळलं तर मला सांग." लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लेक कपाटाला बोलत होती, पण बाहेर बसलेल्या सुनेला लागावं असाच आवाज होता. मशीन चालूच राहिलं. आईने मात्र शालीचा काठ बोटाला गुंडाळला आणि सोडला.

पुढच्या आठवड्यात स्क्रू पुन्हा आवळलेले होते. या वेळी ताईने कपाट सोडून थेट स्वयंपाकघर गाठलं. वहिनी कप विसळत होती.

"वहिनी, आईच्या कपाटाला हात लावलात का?"

"लावते की. परवाच पुसलं आतून."

"पुसल्याने स्क्रू फिरत नाहीत."

"कुठले स्क्रू?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठले. तिला स्वतःला उघडता येत होतं, वहिनी. किती खूश झाली होती ती. तिने सारखं तुम्हाला बोलवावं असं वाटत असेल, तर त्याला दुसरं काहीतरी शोधा."

वहिनीने नळ बंद केला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मला पडदे वेळेवर द्यायचे असतात, ताई," ती म्हणाली. "मी कशाला..." तिने पुढचं वाक्य गिळलं. "बरं," ती म्हणाली आणि कप पालथा घातला.

ताईने स्क्रू सैल केले आणि चहा न घेताच निघाली. बोललो ते बरं केलं असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि जितकं सांगितलं तितकं ते कमी पटत गेलं.

त्यानंतर एका दुपारी बाजाराची वीज गेली. तारा बदलायचं काम निघालं होतं, संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणाले. अंधाऱ्या दुकानात गिऱ्हाइकाला स्क्रू दिसणार कसे? ताईने शटर ओढलं आणि पाय आपोआप आईच्या घराकडे वळले. किल्ली तिच्याकडे होती, लग्नाआधीपासूनची. कोणी परत मागितली नव्हती आणि तिनेही दिली नव्हती.

घरात शांतता होती. मशीनवर कापड घातलेलं. ताई पिशवी सांभाळत आत गेली आणि आईच्या खोलीच्या दारात थांबली.

आई कपाटासमोर स्टुलावर बसली होती. कपाट सताड उघडं होतं. मोडका हात तिने फळीला टेकवून ठेवला होता, आणि डाव्या हातात नेलकटर होतं, त्यातलं नखं घासायचं पातं बाहेर काढलेलं. पात्याचं टोक तिने स्क्रूच्या खाचेत घातलं, ओठ मुडपले आणि फिरवलं. पातं निसटलं. तिने पुन्हा घातलं. स्क्रू जरासा फिरला. ती थांबली, धाप टाकली आणि पुन्हा वाकली.

"आई."

आईने मान वळवली. साखरेच्या डब्यात हात असताना सापडलेल्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला.

"तू आज कशी?"

"बाजारात वीज नाही. काय करतेस?"

"नखं," आई म्हणाली. मग तिला स्वतःलाच ते पटलं नसावं. "दार फार हलकं झालंय गं."

"हलकंच केलंय. तुझ्यासाठी."

"हो. चांगलं केलंस." आईने नेलकटर मांडीवर ठेवलं. "फारच चांगलं केलंस."

ताई पलंगाच्या कडेवर टेकली. "वहिनी कुठेयत?"

"खाली गेलीय पडदे द्यायला. येईल एवढ्यात."

"मला वाटलं, त्याच करतात. मी बोलले त्यांना."

"कळलं मला. दोन दिवस गप्प होती."

"मग तू सांगायचं होतंस ना."

"काय सांगू? तुला बोलवायला मिळावं म्हणून मी दार बिघडवते, असं तिला सांगू?"

"अगं, पण बोलवायचं तर बोलव ना नुसतं. त्याला दार कशाला लागतं?"

"नुसतं कसं बोलवणार?" आई म्हणाली. "कामात असते ती. हाक मारली की येईल, काय हवंय आई म्हणून विचारेल. मग काय सांगू? मला काहीच नको असतं." ती बोटं उलगडायला लागली. "इतकी वर्षं एका घरात राहतो, पण आमचं बोलणं म्हणजे दूध आलं का, गॅस बंद केलास का. हात मोडला आणि ती दार उघडायला यायला लागली. मग आपणहून थांबायची. दार उघडं असलं की काहीतरी निघतंच बोलायला. आता तू दार चांगलं केलंस, तर तिने यावं कशाला?"

मग ताईने विचारलंच.

"आणि मी? मी बाहेर खुर्चीत बसलेली असायचे, आई. मला कधी नाही हाक मारलीस."

आईला खरोखर आश्चर्य वाटलं.

"तुला कशाला हाक मारायची?" ती म्हणाली. "तू येतेसच की. सुनेला बोलवायला निमित्त लागतं बाई. लेकीला कसलं निमित्त?"

हे ऐकून बरं वाटून घ्यावं की वाईट, ते ताईला कळेना. तिला दोन्ही वाटलं, आणि वाईट जरा जास्त वाटलं. लेकीला निमित्त लागत नाही, म्हणून लेकीला हाक नाही, सर्कस नाही, विदूषक नाही. आईने मात्र जगातली सगळ्यात उघड गोष्ट सांगावी तसं सांगून टाकलं होतं, आणि तिचं लक्ष आता दुसरीकडेच होतं. खाली जिन्याशी कोणीतरी बोलत होतं. आईने घाईघाईने नेलकटर उचललं आणि पातं स्क्रूला लावलं. ते निसटलं. पुन्हा लावलं.

"सरक जरा," ताई म्हणाली. "त्याने खाच जाईल स्क्रूची."

तिने पिशवीतून आपला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि आईच्या पायांशी गुडघ्यांवर बसली.

"किती करू?"

"काय?"

"घट्ट. किती करू?"

आईने विचार केला. "मला उघडता येऊ नये. पण तिला जोर पडता कामा नये."

ताईने आधी डावा स्क्रू फिरवला, मग उजवा तेवढाच. एका बाजूला जास्त झाला की जीभ वाकडी घुसते. तिने दार लोटलं. आईने दोन बोटांनी ओढलं, आणि दार उघडलं.

"अजून जरा," आई म्हणाली.

ताईने अजून जरा केलं. या वेळी आईची बोटं हँडलवरून निसटली. तिने पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा निसटली.

"हां," आई समाधानाने म्हणाली. मग स्टूल सोडून ती पलंगावर जाऊन बसली, पदर नीट केला आणि ताईकडे पाहिलं.

"तू आता जरा बाहेर बस."

"का?"

"तू इथे दिसलीस तर ती म्हणेल, ताई आहेत ना उघडायला."

आईच्या बोलण्यात खोच अशी काहीच नव्हती, होती ती नुसती घाई. ताईने स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला आणि बाहेर आली.

वहिनी रिकामी पिशवी झटकत आत आली. ताईला पाहून तिचा चेहरा आवळला.

"तुम्ही? आज?"

"वीज गेलीय बाजारात."

वहिनीने मान हलवली. मशीनवरचं कापड काढलं, घडी घातली, बाजूला ठेवलं. माफी मागायची तर आईचं नाव सांगावं लागणार होतं. ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"अगं, जरा येतेस का?" आतून हाक आली. "दार उघडत नाहीये."

वहिनी जागची हलली नाही. तिने सुईत दोरा ओवायला घेतला.

"तुम्ही बघा ना, ताई," ती दोऱ्याकडे बघत म्हणाली. "मी हात लावला की पुन्हा काहीतरी व्हायचं."

"अगं, येतेस ना?" आईने पुन्हा विचारलं.

"तो मालच खराब आलाय," ताई म्हणाली. "त्याचे स्क्रू आपोआप आवळतात. आज कळलं मला. मी उगाच तुम्हाला बोलले."

वहिनीने मान वर केली. "आपोआप?"

"आपोआप."

"मग बदलून टाका ना. तुमचंच दुकान आहे."

"हल्ली सगळे तसेच येतात."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. बोटांतला दोरा सुईच्या बाहेरच होता.

"पण तुम्ही होतात ना इथे? उघडून द्यायचं होतंत."

"ओढून बघितलं," ताई म्हणाली. "माझ्याने नाही उघडलं. जा तुम्ही, ती तुम्हाला बोलावतेय."